उजेडाला न येणारी कसर

३ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं ठीक, असं लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहिलं. ठीक काही नाही. आपल्या कपडेपटाला कसर लागली आहे. नाटकवाल्यांनी लढाईच्या नाटकासाठी आपले सगळे लोकरी ओव्हरकोट भाड्यानं सांगून ठेवले होते, बाबांच्या हातचे, फरच्या कॉलरचे. त्यांचे मॅनेजर स्वतः न्यायला आले. मी मोठ्या दिमाखात पहिला कोट झटकून त्यांच्यापुढे धरला, तर कोटाच्या पाठीतून मला त्यांच्या शर्टाच्या रेघा दिसल्या. चाळण, चिमे, नुसती चाळण! माणूस सभ्य म्हणून हसला नाही. काम मात्र दुसऱ्या दुकानात घेऊन गेला.

चोर शोधायला मला लांब जावं लागलं नाही. बाबांचा नियम तुला आठवत असेल. कपडेपटाच्या खोलीत दिवा न्यायचा नाही, खिडक्या बंद, वर जाड पडदे, आणि कपडा काढायचा-ठेवायचा तो दारातून येईल तेवढ्या उजेडात. दिवा दिसला की पाखरं येतात आणि पाखरं आली की लोकर गेली, असं ते सांगायचे. त्यांनी जन्मभर पाळलं, त्यांच्यामागे मी पाळते. पण तुझी वहिनी! आपला भाऊ गेल्यापासून ती कपडेपटाच्या बरोबर डोक्यावरच्या खोलीत खिडकी उघडी टाकते, दिवा लावते आणि फाटकं-तुटकं शिवत बसते. म्हणते, अंधारात सुई ओवता येत नाही आणि एकटीला बसवतही नाही. सांगून सांगून माझी जीभ झिजली. परवा वर गेले तर एक हे एवढं तपकिरी पाखरू तिच्या दिव्यावर धाडधाड डोकं आपटत होतं. मी ते धरलं आणि काडेपेटीत घातलं. सोबत पाठवते आहे.

तू संग्रहालयात मेलेल्या किड्यांची राखण करतेस याची आम्ही इतकी वर्षं चेष्टा केली. आता त्या नोकरीचा घराला काही उपयोग होऊ दे. या पाखराचं नाव-गाव आणि याचे धंदे नीट लिहून पाठव. दुकानातल्या शिंपी मास्तरांसमोर आणि तिच्यासमोर मोठ्यानं वाचीन. मी तिला बजावून ठेवलं आहे की हे कोट खाणारं निघालं, तर तिनं माहेरी, आपल्या भावाच्या घरी जायचं. ना नवरा राहिला, ना मूलबाळ. मग ज्या घरानं ठेवून घेतलं तेच पोखरायचं, हे मला चालायचं नाही. शब्द कडू आहेत, पण मनात ठेवून बोलणाऱ्यांतली मी नाही, तुला ठाऊक आहे.

उत्तराला उशीर नको. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
अक्का


११ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

काडेपेटी मिळाली. कैदी वाटेतच गेला होता. पोस्टमननं ती कानाशी धरून हलवली आणि माझ्याकडे असं काही पाहिलं की त्याला चहा पाजावा लागला.

अक्का, आधी एक कर. मास्तरांना बोलावू नकोस. एकटीच वाच.

हा पतंग मी पाहताक्षणी ओळखला. भिंगाखाली धरला तो केवळ तुझ्या समाधानासाठी. बागा आणि शेतं असतील तिथे हा सापडतोच. आमच्याकडे याचे इतके नमुने आहेत की नवीन आला तर साहेब कपाळाला हात लावतात. वरचे पंख सुकलेल्या पानासारखे, त्यावर मूत्रपिंडाच्या आकाराचा एक डाग. ते पंख टाचणीनं जरा बाजूला केले की खालचे हळदीसारखे पिवळेधमक, कडेला काळी पट्टी. दिवसा हा गवतात, पाचोळ्यात, कधी टांगलेल्या कपड्याच्या घडीतही दडून बसतो. कोणी डिवचलं की पिवळा रंग झळकवत उडतो आणि लगेच खाली पडून तपकिरी होऊन जातो. टिपायला आलेला पक्षी पिवळा रंग शोधत राहतो, हा आपला सुखरूप. अंधार पडला की फुलांवर फिरतो. तोंडाला लांब सोंड असते, गुंडाळून ठेवलेली. तिनं फक्त मध पिता येतो. याच्या अळ्या मातीत राहतात आणि कोवळी रोपं बुंध्याशी कुरतडतात, तेव्हा माळी याला शिव्या देतो त्या रास्तच आहेत. पण लोकर? याला दातच नाहीत गं! तुझ्या कोटावर हा आयुष्यभर बसला असता तरी एक धागा तुटला नसता. दिव्याभोवती का घिरट्या घालतो, यावर मोठमोठे शहाणे अजून भांडताहेत. पण भुकेनं नाही, एवढं नक्की.

कोट खाणारी कसर ती वेगळी. आम्हीही तिला घाबरून असतो, कारण आमचे पेंढा भरलेले पक्षी ती खाते. तांदळाच्या दाण्याएवढी, वाळल्या गवताच्या रंगाची, चकचकीत. ती स्वतः काहीच खात नाही, तिच्या अळ्या खातात. आणि ती उजेडाला येत नाही, अक्का. उजेड दिसला की पळून घडीत शिरते. तिला लागतो अंधार, मळलेली कॉलर आणि महिनोन्‌महिने कोणी हात लावू नये अशी जागा. कोटाची कॉलर उलटून बघ, काखेत बघ. कोळिष्टकासारख्या नळ्या आणि वाळूसारखे कण सापडतील. कपडे बाहेर काढ, झटक, उन्हात घाल.

म्हणजे वहिनीच्या दिव्याचा यात काही संबंध नाही. तिला कुठे पाठवू नकोस. दादा असता तर तू तिला हे बोलली नसतीस.

रागावलीस तरी लोभातून वजा करू नकोस.

तुझी,
चिमी


१९ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं व्याख्यान पोचलं. आमच्या घरातली लोकर कोण खातं, ते आता तू तिकडे खुर्चीत बसून आम्हांला सांगणार! बाबांनी चाळीस वर्षं कपडेपट सांभाळला तो काय आंधळेपणानं? आणि त्या पाखराला दात नाहीत म्हणतेस. मी कोट त्याच्या तोंडात घालून पाहिला नाही, हे खरं. पण दिवा आला, पाखरं आली आणि कोट गेले, हे माझ्या डोळ्यांदेखत झालं.

तुझ्या पत्राची वाट बघायचा मला धीर नव्हता, ते येण्याआधीच वहिनी गेली. मीच गाडीत बसवून दिली. रडली नाही, बोलली नाही, खाली बघून वाकून नमस्कार केला आणि गेली. तिच्या भावाला मी वेगळं पत्र टाकलं होतं. तिच्या दिव्यापायी आमच्याकडे कसर झाली, तिचं सामान तपासून घ्या, असं स्पष्ट लिहिलं. उद्या त्यांच्या घरात काही झालं तर मला बोल नको.

तू म्हणतेस ते उन्हाचं आणि झटकण्याचं खूळ तिलाही होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून दर थोड्या दिवसांनी कोट अंगणात काढायची आणि छडीनं झोडायची. म्हणायची, कुबट वास येतो. मागच्या वर्षी मी ते बंद केलं. रंग उडतो, अस्तर फाटतं, आणि बाबांनी कधी कपडा उन्हात घातला नव्हता. तेव्हा हे तिनं तुझ्या कानात घातलं की तू तिच्या, देव जाणे.

कॉलर उलटून पाहिली. वाळूसारखं काहीतरी आहे. रंगमंचावरची धूळ असेल. तुकडा कापून पाठवते. तुझ्या भिंगाला खाऊ.

आशीर्वाद आहेतच. शहाणपण थोडं कमी पाठव.

अक्का


२ एप्रिल

प्रिय धाकट्या वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. दिवा कारण नव्हता, एवढं एकच वाक्य मी कितीदा तरी वाचलं. आधी हसू आलं, मग हसू थांबेना, मग भलतंच झालं आणि भावजयीनं येऊन विचारलं की पोटात दुखतंय का.

तुम्ही विचारता, मी अक्कांना उलट का बोलले नाही. काय बोलणार? मलाही तेच खरं वाटत होतं! तुमच्या दादांना आजारात अंधार सोसत नसे, म्हणून दिव्याची सवय लागली. ते गेल्यावर ती मोडता येईना. रोज संध्याकाळी ती तपकिरी पाखरं आली की मी चपलेनं मारायची, मोजून सूड घेतल्यासारखी. अक्का फार बोलल्यावर हिवाळाभर मी दिवा विझवून, खिडकी लावून बसले. हातानं चाचपून टाके घातले. अंगठा बघाल तर चाळणीच झालाय. थंडी सरल्यावर न राहवून दिवा पुन्हा लावला, आणि एवढं करूनही कोट भोकाभोकांचे निघाले. मला वाटलं, माझंच नशीब असं. जिथे बसते तिथे कसर लागते.

इथलं सांगते. अक्कांचं पत्र माझ्याआधी पोचलं होतं. भावजयीनं माझं बोचकं दारातच सोडलं आणि सगळं उकळत्या पाण्यात घातलं. त्यात तुमच्या दादांची लोकरी शाल होती. ती आकसून इतकी झाली की बाहुलीला पुरेल. तिला तरी काय बोलू? तिचीही मुलं, तिचेही कपडे. मुलं मला कसरआत्या म्हणतात. भावानं एकदा दटावलं, तर आता माझ्यामागे म्हणतात.

शिवणकाम मागायला गल्लीत चार घरी गेले. एका बाईंनी दारातूनच सांगितलं की कापड तुमच्या हाती द्यायला भीती वाटते. गोष्ट माझ्याआधी तिथे गेली होती. वन्सं, मला दुसरं काही येत नाही. सुईवर मी पोट भरीन, पण मला कापडाजवळ कोणी येऊ तर दिलं पाहिजे.

तुमचं पत्र भावजयीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, धाकट्या नणंदेला तुझी दया येते म्हणून लिहिते ती. ज्यांचं नुकसान झालं त्यांनी लिहिलं तर मी मानीन. तिचंही बरोबर आहे. तेव्हा अक्कांनी जसं आधी लिहिलं तसंच एकदा लिहावं, की तो दिवा कारण नव्हता. एवढं तुम्ही त्यांना सांगाल का?

तुम्ही आठवण ठेवलीत. ती तशीच ठेवा.

तुमची,
वहिनी


७ जून

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मध्ये तुझी तीन पत्रं आली. उत्तर दिलं नाही, कारण देण्यासारखं नव्हतं.

आता देते. वहिनी गेल्यावर मी कपडेपटाला कुलूप घातलं. पडदे शिवून टाकले, फटीत चिंध्या कोंबल्या. वर चार जुन्या डांबरगोळ्या फेकल्या. म्हटलं, आता दिवा नाही, पाखरू नाही, सुखानं राहा. परवा शाळेच्या नाटकाला राजाचा झगा हवा होता म्हणून कुलूप काढलं. दारातल्या उजेडात काही समजेना, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी त्या खोलीत दिवा नेला.

चिमे, जमीन हलली. तुझी ती तांदळाएवढी, वाळल्या गवताच्या रंगाची, दिव्याकडे पाठ करून जी धावली! एक उडून दिव्याला आली नाही. बाह्यांत, घड्यांत, झालरींत घुसली. झगा उचलला तर हातात नुसती जरीची तार राहिली. पिसांच्या टोप्यांच्या काड्या झाल्यात. रेशमी गेले, फर गेलं, शिल्लक राहिलं ते सुती. अंधार करून, दार लावून, मी त्यांना जेवायला बसवलं होतं. बाबा चुकले, असं लिहायला हात वळत नाही, पण दुसरा शब्द सापडत नाही. तुझे ते कोटाच्या तुकड्यावरचे शेरेही बरोबर होते.

पुढचं ऐक. जे उरलंय ते झटकायला, धुवायला, रफू करायला मास्तर एकटे पुरे पडत नाहीत, आणि तिच्यासारखा रफू मास्तरांना सात जन्मांत जमायचा नाही. मी वहिनीला पत्र टाकलं आहे. झालं गेलं विसरून जा, खोली तशीच आहे, दिवा हवा तेवढा लाव, ये. आणखी काय लिहायचं असतं? तूही लिही, तुझं ऐकेल. आणि तिला हळूच सांग की इथे आल्यावर कोणाशी जास्त बोलू नकोस. मी गावभर तिच्या दिव्याची कथा सांगून बसले आहे. आता मीच उलटं बोलले तर माझ्या शब्दाला कोण विचारील? धंदा शब्दावर चालतो.

तुझी माया मला हवीच आहे, सांगून ठेवते.

अक्का


१४ जून

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

कपडेपट गेला, फार वाईट वाटलं. बाबांचा राजझगा मी लहानपणी चोरून घालायची. तो गेला हे वाचून मी जेवले नाही.

पण वहिनीला मी तू सांगतेस तसं लिहिणार नाही. तिनं गप्प बसावं असं तुझं म्हणणं! बोलायला तिच्याकडे उरलंय काय? तिचं जे खाल्लं गेलं ते कसरीनं खाल्लं नाही, तू लिहिलेल्या पत्रानं खाल्लं. तिच्या भावजयीला एक ओळ लिही. मी तीनदा विनवलं, हे चौथ्यांदा. तुला माझ्यावर डाफरायला पानं पुरत नाहीत, आणि इथे एक ओळ जड जाते?

तुझीच, पण संतापलेली,
चिमी


२२ जून

ती. मोठ्या वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. कपडे गेल्याचं वाचून जीव कळवळला. त्यातल्या कित्येकांवर माझे टाके होते.

आपण बोलावलंत, त्यात आपला मोठेपणा आहे. झालं गेलं विसरून जा, असं लिहिलंत. विसरायला माझी ना नाही. पण वन्सं, मी विसरले तरी इथली गल्ली विसरत नाही. आज मी उठून आपल्याकडे आले, तर सगळे म्हणतील, नणंद किती चांगली, घर खाल्लं तरी परत घेतलं. ते ओझं घेऊन त्या खोलीत मला दिवा लावता येणार नाही.

माफी वगैरे मला नको. मोठ्यांनी ती मागावी असं माझ्या मनातसुद्धा येत नाही. फक्त माझ्या भावजयीच्या नावानं, आपल्या हातानं, आपल्या सहीनं एक ओळ लिहा: कसर तिच्या दिव्यामुळे झाली नव्हती. ती ओळ आली, भावजयीनं वाचली, की मी मिळेल त्या गाडीनं येते आणि एकेक कपडा उन्हात घालते. पगारही नको. त्या घरात मी सून म्हणून आले होते. तशीच परत यायचं आहे, एवढंच.

वाट पाहते आहे. कृपा कमी पडू देऊ नये.

आपली,
भावजय


५ जुलै

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या वहिनीचं पत्र आलं. वाचून मला राग यायला हवा होता, तोही आला नाही.

ओळ लिहायला बसले होते. कागद घेतला, तारीख घातली, नमस्कार घातला. पुढे हात चालेना. त्या भावजयीला मी ओळखत नाही, लग्नात एकदा पाहिलेली. तिनं माझं पत्र हातात धरून हसायचं, शेजारणीला वाचून दाखवायचं, की बघा, एवढी मोठी कपडेपटवाली आणि हिला किडा ओळखता येत नाही! मास्तर माझ्याकडे हल्ली कसे पाहतात ते मला दिसतं. त्यात हे लेखी द्यायचं? दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. नाही जमलं. मी अशीच आहे, मला काय तू आज ओळखतेस?

पण माणुसकी माझ्यात नाही असं समजू नकोस. तिचं शिवणयंत्र इथे पडून होतं. मास्तरांकडून साफ करून घेतलं, तेलपाणी केलं, नवा पट्टा बसवला, आणि चांगल्या लाकडी खोक्यात घालून काल तिला पाठवून दिलं. पोचवायचं भाडंही भरलं. तिला काम हवं होतं ना? मशीन दारात आलं की दहा बायका कापड घेऊन येतील. ओळीनं पोट भरत नाही, मशीननं भरतं. ती समजूतदार आहे, तिला कळेल मला काय म्हणायचंय ते.

तुझा राग उतरला की लिही.

अक्का


२० जुलै

प्रिय धाकट्या वन्सं,
स. न. वि. वि.

अक्कांनी मशीन पाठवलं ते तुम्हांला कळलं असेल. तुम्ही विचाराल म्हणून सगळं लिहिते.

खोकं दारात उतरलं तेव्हा घरी भाऊ नव्हता. शेजारच्या दोघी-तिघी जमल्या. भावजयीनं भावाची वाट न बघता खिळे उपटले. मशीन तेलानं चकचकत होतं, पट्टा नवाकोरा. माझे हात आपोआप चाकाकडे गेले. तिनं मला थांबवलं आणि आधी चिठ्ठी शोधू लागली. खोक्यातलं गवत बाहेर काढलं, मशीनचा खण ओढून पाहिला, खोकं उलटं करून झटकलं. वन्सं, ती मनानं वाईट नाही. ती खरंच शोधत होती. ती ओळ निघाली असती तर माझ्याआधी तिला आनंद झाला असता, कारण नणंदेला घरात ठेवून तीही गल्लीत बोलणी खाते. शेवटी तिनं विचारलं की दुसऱ्या टपालानं काही यायचंय का. मी म्हटलं, नाही, एवढंच आहे.

मग तिनं रिकामं खोकं दाराबाहेर सारलं. म्हणाली की म्हणजे त्यांचं म्हणणं अजून तेच आहे. त्या घरातलं लाकूड आहे, त्या घरातलं गवत आहे, हे मी आत घेऊ शकत नाही. शेजारणी मागे सरकल्या होत्या. गवत तिथल्या तिथे जाळलं. मशीनचं काय करायचं, म्हणून सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या.

चुलीवर पाणी ठेवलं ते मीच. उकळल्यावर हंडा उचलून मशीनवर ओतलं तेही मीच. कोणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांसमोर मी ते केलं की निदान त्यांच्या मनातली भीती जाईल, एवढाच विचार होता. तेल सगळं वाहून गेलं. ते परसात भिंतीशी आहे, गंजलं आहे, चाक आता फिरत नाही. कापड घेऊन कोणी आलं नाही.

अक्कांना मशीन पोचल्याचं कळवा. छान साफ केलं होतं, असंही सांगा.

तुमचा लोभ आहे, तो राहू द्या. माझ्याकडून पत्र आलं नाही तर काळजी करू नका.

तुमची,
वहिनी